गोधडी आधी उलटून, राजवाडा नंतर

थंडी सुरू झाली की इंदुरात हातकामाच्या प्रदर्शनांचा हंगाम लागतो. या वेळी एका सभागृहात गोधड्यांचं प्रदर्शन होतं. आम्ही सहा जणी गेलो आणि त्याच दिवशी होळकरांचा राजवाडाही केला. एका दिवसात दोन्ही आरामात होतं, क्रम मात्र चुकवू नये. सकाळी गोधड्या, दुपारी राजवाडा, संध्याकाळी कापडबाजार. जिने चढून आल्यावर टाके मोजायला ना मान तयार असते ना डोळे. सोमवार धरू नका, राजवाडा बंद असतो.

सोबत शिंप्याची टेप, भिंग, वही, पेन्सिल आणि एक धुतलेला पांढरा सुती रुमाल एवढं पुरतं. पेन नको, जुन्या कापडाजवळ शाई उघडी ठेवायची नाही. खड्याची अंगठी काढून ठेवायची, विरलेल्या विणीत खडा अडकला की धागा ओढला जातो. आणि पोहे-जिलबी खाऊन थेट आत शिरायचं नाही. हात साबणाने धुवायचे, मग कोणी हात लावू देवो न देवो.

प्रदर्शनात चाळीसेक गोधड्या होत्या. निम्म्या भिंतीवर, बाकीच्या उतरत्या फळ्यांवर पसरलेल्या. आमच्या मते गोधडीची खरी जागा फळीच. ती अंथरायची-पांघरायची वस्तू आहे, लटकायची नव्हे. सहा थरांची एकेरी गोधडी सव्वा ते दीड किलोची असते. दोन कोपऱ्यांना चिमटे लावून टांगली की सगळं वजन त्या दोन कोपऱ्यांवर येतं, मधली कड लोंबते आणि महिन्याभरात गोधडीला कायमचं पोट सुटतं. बरोबर पद्धत अशी: मागच्या बाजूला वरच्या कडेला चार इंच रुंदीचा नेफा हाताने शिवायचा, त्यात काठी घालायची आणि काठी टांगायची. नेफ्याचे टाके फक्त मागच्या एक-दोन थरांत घ्यायचे, दर्शनी बाजूला येऊ द्यायचे नाहीत. इथल्या बहुतेक गोधड्यांना नेफा होता. दोन-तीन चिमट्यांवर होत्या आणि त्या लांबूनच ओळखू येत होत्या.

आत उजेड कमी म्हणून काही लोक कुरकुरत होते. जुन्या कापडासाठी साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड ठेवतात, कारण रंग उडतो तो परत येत नाही आणि रोजचं नुकसान साठत जातं. पाच मिनिटं थांबलं की डोळे सरावतात. घाईने फोनचा टॉर्च लावायचा नाही. हळदीचा पिवळा सगळ्यात आधी जातो, निळीचा निळा टिकतो. जुन्या पद्धतीत हिरवा रंग या दोघांतून व्हायचा, निळीवर हळद. म्हणून फार जुन्या गोधडीत एखादं ठिगळ विचित्र निळसर दिसतं आणि शिवणीच्या आत दुमडलेली त्याची कड मात्र हिरवी असते. एका गोधडीत असं ठिगळ होतं. स्वयंसेविकेने मोजे घालून कड जराशी उघडून दाखवली, तेव्हा आतला गवती हिरवा दिसला. बाहेरचा तुकडा आणि आतली कड एकाच लुगड्याची, यावर आमच्यातल्या दोघींचा आधी विश्वास बसेना.

हे दिसायचं तर गोधडी उलटून बघायला मिळायला हवी. आपण हात लावायचा नाही, विनंती करायची. सरळ बाजूला रंग आणि मांडणी दिसते. शिवणारीचा हात उलट्या बाजूला कळतो: टाका तळापर्यंत सारखा गेला आहे की मधेच सुटला आहे, तळाला चुण्या पडल्या आहेत का, गाठी बाहेर आहेत की थरांत लपवल्या आहेत, दुरुस्ती कुठे झाली आहे. भिंतीवर टांगलेल्या गोधड्यांत हे बघताच येत नाही. एखादी गोधडी उलटी टांगली असती तर बरं झालं असतं.

एका उलट्या बाजूवर आम्ही बराच वेळ थांबलो. तळाला मांजरपाट, त्याच्या एका कोपऱ्यात फिकट निळा गोल शिक्का. भिंगातून ‘इंदूर’ आणि अर्धा ‘मि’ एवढंच लागलं. ताग्याच्या टोकाला मिलचा शिक्का असायचा, आणि टोकाचा तुकडा स्वस्तात किंवा फुकट सुटायचा. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, मालवा मिल आता चौकाचं नाव म्हणूनच जास्त माहीत आहे. अशा शिक्क्यावरून कापड अंदाजे कधीचं ते सांगता येतं. गोधडी मात्र त्यानंतर कितीही वर्षांनी शिवलेली असू शकते. कापडाचं वय म्हणजे गोधडीचं वय, असं धरणारे पुष्कळ भेटतात. गोधडीचं वय ठरवायचं तर तिच्यातलं सगळ्यात नवं कापड शोधायचं. एका गोधडीत सगळी जुनी सुती लुगडी आणि मधोमध पॉलिएस्टरच्या शर्टाचा एक खिसा होता, काजासकट. वय ठरवायला तो एक खिसा पुरतो.

बाघ छपाईच्या एका तुकड्याची गोष्ट वेगळी. बाघ आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यातलं. तिथल्या छपाईत लाल रंग तुरटीवर चढवतात, काळा लोखंडातून काढतात. लोखंडाचा काळा कालांतराने सूत खातो. त्या ठिगळात लाल फुलं शाबूत होती आणि त्यांच्याभोवतीची काळी रेघ जाळीसारखी विरून खालचं पांढरं कापड दिसत होतं. उंदराने कुरतडलं असेल असं शेजारच्या एक बाई म्हणाल्या. उंदीर रेघेरेघेने कुरतडत नाही! जुन्या काळ्या छपाईचा तुकडा गोधडीत घालायचाच असेल तर त्याखाली तेवढाच पातळ मलमलीचा तुकडा आधाराला लावून घ्यावा.

दुसऱ्या प्रांतांच्या गोधड्या कमी होत्या, पण शेजारी-शेजारी ठेवल्यामुळे फरक लगेच दिसत होता. बंगालच्या कांथ्यात गोधडीतलाच धावदोरा, म्हणजे सुई खाली-वर करत घातलेला साधा टाका, पण त्यातून चित्र काढलेलं. कच्छ-सिंधकडच्या रल्लीत ठिगळांची भूमिती कडक आणि टाक्यांच्या ओळी सरळ. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीला चारही कोपऱ्यांत घडी घातलेल्या कापडाची फुलं असतात, त्यांना त्या फुला म्हणतात आणि ती नसतील तर गोधडी उघडी मानतात. जयपुरी रजई खरं म्हणजे या घराण्यातली नाही. तिच्यात पिंजलेला कापूस भरतात, कापडाचे थर नसतात. कापूस सरकू नये म्हणून तिला टाके. गोधडीत टाके थर एकजीव करायला आणि विरलेल्या कापडाला जोर द्यायला असतात, म्हणून ते दाट.

दुपारी बारानंतर एका कोपऱ्यात शिवून दाखवत होते. बसलेल्या आजी साठीपुढच्या असाव्यात. त्यांनी केलेलं आणि आम्ही विचारून घेतलेलं इथे सविस्तर देतो, कारण घरी बिघडतं ते नेमकं इथेच.

एकेरी गोधडी चार फूट बाय साडेसहा फूट. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याचे चार भाग केले की प्रत्येकी दोन मीटरच्या थोडं वर, म्हणजे बरोबर साडेसहा फूट आणि शिवणीपुरतं. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४५ ते ४८ इंच. एका नऊवारीत चार थर, कापाकापी जवळजवळ नाही. सहावारीत हा हिशेब फसतो: साडेपाच मीटरमध्ये दोन पूर्ण थर आणि वर १.४ मीटरचं शेपूट उरतं. ते जोडायला दुसरी साडी फाडावी लागते, आणि मग प्रत्येक थरात जोड येतो. जोड एकाखाली एक आले की तिथे अंगाला टोचणारी वरवंट्यासारखी कड तयार होते. जोड प्रत्येक थरात वीतभर सरकवून ठेवायचे.

सगळं कापड आधी गरम पाण्यात धुवायचं. दोन कारणं. एक, खळ राहिली तर कसर लागते. दुसरं, नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं. शेकडा पाच जरी आटलं तरी साडेसहा फुटांत चार इंच जातात. जुन्या थरांमध्ये एकच थर आटला तर सगळी गोधडी सुरकुतते आणि ते पुन्हा सरळ करता येत नाही. लाल, गर्द निळं, काळं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघायचं. जरीचे काठ काढून टाकायचे, जर दोरा कापते. पॉलिएस्टरची साडी मधल्या थरात घालायचा मोह आवरायचा, कारण ती टाक्यांमध्ये सरकते आणि अंगाखाली घामट लागते.

मग तळ पसरायचा, कोपऱ्यांवर वजनं. तळ ताणून बसवला नाही तर पुढचं सगळं वाया. त्यावर भराचे तीन-चार थर, एक उभ्या धाग्याने, पुढचा आडव्या. सगळ्या थरांचा ताण एकाच दिशेला गेला तर गोधडी वापरून लांबते. शेवटी ठिगळांचं तोंड, म्हणजे वरचा दर्शनी थर. आता लगेच शिवायला बसायचं नाही. आधी वीतभर अंतराने कच्चे टाके, मधोमध अधिक चिन्ह काढून तिथून कडांकडे. बहुतेक जणी हे टाळतात किंवा कडेपासून सुरू करतात. कडेपासून आत येताना प्रत्येक ओळ कापड थोडं थोडं पुढे ढकलते आणि उरलेलं सगळं मध्यावर गोळा होतं. मधे फुगा आला की चुणी घालून दाबण्यावाचून इलाज राहत नाही. जुन्या गोधड्यांत चौकटीत कडेकडून आत येणारी शिवण खूप दिसते आणि तरी त्या सपाट असतात, कारण आत कच्चे टाके नीट घातलेले होते.

पक्का धावदोरा घालताना आजींचा डावा हात सतत गोधडीच्या खाली होता. “सुई खालच्या बोटाला टोचली पाहिजे, तेव्हाच तळ धरला,” त्या म्हणाल्या. त्यांच्या तर्जनीचं टोक भाकरी भाजणाऱ्या बाईच्या बोटासारखं कडक झालं होतं. सुई दोन इंची, दोरा जाड सुती, एका वेळी दीड हात लांब. जास्त लांब घेतला तर पीळ बसून गाठी पडतात. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत म्हणून विकतात, पण दोरा कापडापेक्षा मजबूत झाला की ताण पडल्यावर दोरा तुटत नाही, कापड फाटतं. दोरा तुटला तर पुन्हा शिवता येतो. विरलेलं लुगडं कुठून आणणार?

इंचाला चार टाके, दोन ओळींत पाऊण इंच. हे नुसतं ऐकायला सोपं वाटतं. चार फुटांत ६४ ओळी, प्रत्येक ७८ इंच. एकूण १२७ मीटर शिवण आणि वीस हजारांच्या आसपास टाके. एकपदरी दोरा दीडशे मीटर तरी धरा, दुपदरी घेतला तर तीनशे. कोणी ‘हाताची गोधडी’ दोन दिवसांत देतो म्हणालं तर हा हिशेब आठवावा. प्रदर्शनात विक्रीला ठेवलेल्या दोन स्वस्त गोधड्या मशीनच्या होत्या. ओळखायचं सोपं आहे: दोन्ही बाजूंना टाका सलग दिसतो, मधे मोकळी जागा नाही. धावदोऱ्यात टाका आणि मोकळी जागा आळीपाळीने येतात.

दीडच्या सुमारास निघालो, वाटेत काहीतरी खाल्लं, आणि रिक्षाने राजवाडा. स्वतःची गाडी तिथे घेऊन जाणं म्हणजे शिक्षा.

राजवाड्याच्या समोर बागेच्या कडेला उभं राहून आधी मजले मोजा. सात आहेत. खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे. मल्हारराव होळकरांनी १७४७ मध्ये बांधकाम सुरू केलं असं सांगतात. तेव्हापासून वाडा तीनदा जळला आहे. १८०१ मध्ये शिंद्यांच्या बाजूने आलेल्या सर्जेराव घाटग्यांनी जाळला, १९०८ मध्ये आग लागली, आणि १९८४ च्या दंगलीत मागचा भाग गेला. दर्शनी भाग उभा राहिला. २००६ पासून उषाराजे होळकरांच्या पुढाकाराने मागचा भाग पुन्हा बांधला गेला, आणि तो जुन्याच पद्धतीने, विटा, चुना आणि लाकूड वापरून. त्यामुळे इथे जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं हे शोधत फिरण्यात मजा आहे. सकाळी गोधड्या उलटून पाहिल्या असतील तर डोळा आपोआप तिकडे जातो.

वाडा मोजायचा खणांनी. दोन खांबांमधलं अंतर एक खण. चोळीच्या कापडालाही आपण खण म्हणतो, आणि आमच्यातल्या एकीने खांब मोजता मोजता “किती खणांचं झालं गं लुगडं?” म्हणून विचारलं. प्रत्येक खांबाच्या पायाशी बघा. लाकडी खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो. जमिनीतली ओल आणि वाळवी लाकडाला भिडू नये म्हणून. नंतर मान वर: कडीपाट, म्हणजे छताच्या आडव्या लाकडी कड्या आणि त्यांवर टाकलेल्या फळ्या. खांबांमधल्या महिरपी, झरोके, सज्जे सगळे लोक बघतात. कड्या कोणी बघत नाही.

जुन्या कुठल्याही वाड्यात सगळ्यात आधी कुजतं ते तुळईचं, म्हणजे छत पेलणाऱ्या जाड आडव्या लाकडाचं, भिंतीत शिरलेलं टोक. भिंत पाणी धरते, टोकाला वारा लागत नाही, आणि बाहेरून वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. खुणा दोन: त्या टोकाखाली भिंतीवर उठलेला पांढरा लोणा (ओलीतून आलेला क्षार), आणि तुळईला मधोमध आलेला झोक. गोधडीत तशीच आधी जाते वरची कड, हनुवटीखाली रोज धरून ओढली जाणारी. आपण कडेला नवा गोट लावतो, तसा सुतार कुजलेलं टोक कापून नवं लाकूड खाचा पाडून जोडतो. खाच सरळ कापली तर जोड ओझ्याने उघडतो, तिरकी आणि लांब हवी.

चुन्याचंही तसंच. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. अशा भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत कोंडते, आतली वीट भुसभुशीत होते आणि काही पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्याने सुटतो. दोन वेगळ्या आटणाऱ्या वस्तू एकत्र शिवल्या की काय होतं ते सकाळी पाहिलंच होतं. जुने गवंडी चुन्यात गूळ, मेथी, उडीद, बेलफळाचा गर घालत आणि मिश्रण बरेच दिवस मुरवत. आज हे काम करणारे हात कमी आहेत, म्हणून अशी दुरुस्ती महाग पडते, आणि म्हणूनच सिमेंटचं पोतं जवळचं वाटतं.

आत दीड-दोन तास पुरतात. जिने अरुंद आहेत, पायऱ्या उंच. साडी असेल तर निऱ्या हातात धरा, सुट्टीच्या दिवशी तर जाऊच नका. सगळ्या खोल्या सारख्या वेळाने बघायची गरज नाही. मधल्या चौकात एका बाजूला बसून चारही बाजूंचे खांब, तळखडे आणि वरच्या कड्या एकदा सावकाश पाहिल्या की बाकीचं पटकन होतं.

बाहेर पडल्यावर शीतलामाता बाजार आणि एम. टी. क्लॉथ मार्केट चालत गाठता येतात. गोधडीसाठी नवं कापड घेऊ नये असं आमचं मत, पण दोरा आणि गोटाचं कापड लागतंच. गोट उभ्या धाग्यात कापायचा नाही. तिरका कापलेला गोट कोपऱ्यावर वळतो आणि कडेचा एकच धागा सतत झिजत नाही. एकेरी गोधडीची कड २१ फूट. दोन इंची तिरकी पट्टी हवी असेल तर जोड धरून साडेसहा ते सात मीटर पट्टी निघेल एवढं कापड, म्हणजे पाऊण मीटर पुरतं. मलमल नको, ती कडेला महिन्यात विरते. मांजरपाट किंवा जुन्या चादरीचं कापड बरं.

दोरा घेताना रिळावरून हातभर काढायचा, दोन्ही हातांत धरून झटका द्यायचा. सुती दोरा टक आवाज करून तुटतो आणि टोक पिसारतं. आधी ताणला जाऊन मग तुटला तर भेसळ. रंगीत दोऱ्याची आणखी एक परीक्षा आहे आणि त्यासाठीच सकाळपासून पांढरा रुमाल पर्समध्ये होता. दुकानदाराच्या पेल्यातल्या पाण्यात रुमालाचा कोपरा बुडवला, दोरा त्यात गुंडाळून अंगठ्याने चोळला. पांढरा, पिवळा, निळा ठीक निघाले. लाल रिळाने रुमालावर गुलाबी रेघ सोडली, ते रीळ तिथेच परत केलं.